हिरा धार्जिणा आहे ना हो?

साखरपुड्याची अंगठी घ्यायला एका स्नेह्यांबरोबर सराफाकडे गेलो होतो. पेढी जुनी, नाव मोठं. वरून पांढऱ्या दिव्यांचा झोत, समोर मखमली ट्रे, सरबताचे पेले. नवऱ्या मुलीने साधंच विचारलं, "याचं सर्टिफिकेट आहे का? आणि जरा दाराशी, उजेडात बघू का?" आईने टेबलाखालून तिचा हात दाबला. "अगं, तीन पिढ्या आपण इथेच घेतो. काय वाटेल त्यांना!" मुलगी गप्प झाली. मग होणाऱ्या सासूबाईंनी तोंड उघडलं, "हिरा हिच्या राशीला धार्जिणा आहे ना हो?" त्या प्रश्नाला मात्र कोणीच हात दाबला नाही.

ही आपली रत्नपरीक्षा! आणि ती आजची नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हिऱ्याची लक्षणं सांगितली, ती सांगताना रंगांची वाटणीही करून टाकली: पांढरा ब्राह्मणांना, तांबडा-पिवळा क्षत्रियांना, शिरीषाच्या फुलासारखा वैश्यांना, तलवारीच्या रंगाचा शूद्रांना. जमिनीतून निघालेल्या कार्बनलाही आम्ही वर्ण दिला. पुत्र हवा असेल त्या बाईने हिरा घालूच नये, असं काही जाणते म्हणतात, हेही तिथेच नोंदवलंय. दीड हजार वर्षांनी आपण भिंगाऐवजी पंचांगच उघडतो.

विचारायचं ते वेगळंच असतं. पहिला प्रश्न पैलूंचा, कारण चमक तिथून येते. मग वजन: एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. ०.९५ आणि १ कॅरेटमधला फरक बोटात कोणाला दिसत नाही, पण आकडा पुरा झाला की भाव उडी मारतो. म्हणून कित्येकदा वजन राखण्यासाठी हिरा बुडाशी जाड ठेवतात. उजेड वर परतण्याऐवजी खालून निसटतो आणि जास्त पैसे मोजून आपण मंद दगड घरी आणतो. रंगाची श्रेणी डी ते झेड. डी म्हणजे बिनरंगी. पण पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जी-एचची किंचित झाक साध्या डोळ्याला जवळपास कळतच नाही. दाग दहापट भिंगाखाली मोजतात. व्हीव्हीएस आणि व्हीएस या शुद्धतेच्या श्रेणींतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तरी लग्नात मोठ्याने सांगण्यासाठी लोक त्याचेच पैसे मोजतात.

हॉलमार्क पाहून निश्चिंत होणारे तर घरोघरी. त्यातला अक्षरं-अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याचा जामीन आहे, हिऱ्याचा नव्हे. हिऱ्याला स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावरचा क्रमांक बऱ्याचदा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून जुळवून घ्यायचा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खोटा नाही, तोही कार्बनच. काउंटरवरचं साधं टेस्टर त्यालाही हिराच म्हणतं. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या कितीतरी खाली. म्हणून "खाणीतला की प्रयोगशाळेतला, बिलावर लिहून द्या" एवढं म्हणायला हवं. सुरतेत घंटीवर, म्हणजे घासायच्या चकतीवर, हाच दगड घासणारा कारागीर त्याचा कोन न् कोन पारखतो. त्याला नगावर मजुरी मिळते, आपल्याला 'भरवसा'.

आपल्याला प्रश्न विचारताच येत नाहीत, असं मात्र नाही. हीच मुलाकडची माणसं सहा महिन्यांपूर्वी त्या मुलीला बघायला आली होती. तिचा रंग त्यांनी खिडकीजवळ बसवून पाहिला. उंची विचारली, चष्म्याचा नंबर विचारला, पगार विचारला, आजोळी कोणाला काही आजार आहे का तेही विचारलं. त्या दिवशी कोणाला संकोच वाटला नाही. माणसाची पारख करताना निर्लज्ज आणि दगडाची करताना लाजाळू, अशी आपली रीत. सराफासमोर प्रश्न विचारणं म्हणजे ऐपत नसल्याची कबुली, ही भीती आपणच पोसली. बाप कर्ज काढील, पण भिंग मागणार नाही.

मीही त्या दिवशी गप्पच बसलो. पाहुणा होतो, अशी स्वतःची समजूत घातली. परतताना रिक्षात मुलीने बिल उलगडलं. सोन्याचं वजन, मजुरी, कर, आणि खाली एक ओळ: 'हिरा ०.३२'. रंग नाही, शुद्धता नाही, पैलू नाहीत. "परत जाऊन लिहून घेऊ या का?" तिने विचारलं. आईने घड्याळ पाहिलं. "आता नको. साडेचारनंतर राहुकाळ आहे."