काविळीची मुळी आणि परंपरेची साक्ष

अमेरिकेतही आता भुईआवळीच्या गोळ्या मिळतात. ‘हजारो वर्षांची परंपरा’ या शब्दांवर भुलून आपले समाजबांधवही त्या घेतात. ज्या परंपरेने आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिले नाही, ती यकृतापुरती प्रमाण कशी झाली? परंपरेने आले म्हणून काहीही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते.

मुळीला गुण येतो, असे का वाटते? हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. हिपॅटायटिस बी ची लागण प्रौढपणी झाली, तर नव्वद टक्क्यांहून अधिक लोक त्यातून आपसूक बरे होतात. मग डाग देणारा, नाकात थेंब सोडणारा, माळ घालणारा असे सारेच धन्वंतरी ठरतात! जन्मतः लागण झालेल्या अर्भकांपैकी मात्र सुमारे ९० टक्क्यांच्या शरीरात हा विषाणू कायमचे ठाण मांडतो. कावीळ न दिसताही तो यकृत पोखरतो; पुढे सिरॉसिस वा कर्करोग होऊ शकतो.

भुईआवळीची परीक्षा झाली आहे. हिपॅटायटिस बी च्या विषाणूचा शोध लावणारे, १९७६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी बारूख ब्लुमबर्ग यांनी मद्रासच्या संशोधकांसह ती केली. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: वनस्पती दिलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, दिखाऊ औषध घेतलेल्या २३ पैकी एकाच्याच. आशा मोठी होती. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत हे यश पुन्हा दिसले नाही. मुळीचे कैवारी १९८८ पाशीच थांबतात.

जाता जाता एक गोष्ट. रानातली मुळी ओळखणारे वैदू आणि आदिवासी. श्रेय मात्र ऋषींचे.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हाही भ्रमच. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते फेटाळले. अमेरिकेतील १९९४ च्या कायद्यानुसार असल्या पूरक पदार्थांची परिणामकारकता विक्रीपूर्वी सिद्ध करावी लागत नाही. गोळी अमेरिकेत विकली जाते म्हणजे ती तपासलेली आहे, असे समजणाऱ्या सुशिक्षितांना काय म्हणावे?

प्रत्येक प्रौढाने आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी ची रक्तचाचणी करावी, अशी शिफारस अमेरिकेच्या सीडीसीने २०२३ साली केली. लस तर १९८१ पासून आहे. येत्या भीमजयंतीच्या सभेला जोडून आपल्या मंडळाने रक्तचाचणीचे शिबिर का भरवू नये?