हंगाम अबाधित होता म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धातील आपल्या क्रिकेटविषयी मराठीत जे गौरवलेख लिहिले जातात, त्यांत एक वाक्य हटकून येते: बाहेर जग पेटले होते, पण मैदानावरचा हंगाम अबाधित होता. वाक्य खरे आहे. इंग्लंडमधील काउंटी स्पर्धा १९४० ते १९४५ बंद होती. रणजी स्पर्धा मात्र एकही वर्ष चुकली नाही. तिच्यात पहिला खंड पडला तो २०२०-२१मध्ये, कोरोनामुळे. माझा आक्षेप या वाक्याच्या सुराला आहे. त्यात शौर्याचा जो भाव भरला जातो, तो कुठून आला?

प्रा. दि. ब. देवधरांचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा पन्नाशी दाराशी होती. पुढे १९४४-४५मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके. एका अध्यापकाचा हा व्यासंग मला विलक्षण वाटतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच १९४४ साली आमच्या वाईजवळच्या कवठ्याचे किसन वीर येरवड्याच्या तुरुंगातून निसटले होते. पुणे एकच. गौरवलेखात मात्र यांपैकी एकच पुणे असते.

हंगाम चालू राहिला, कारण इथे सक्तीची लष्करभरती नव्हती, मैदानांवर बाँब पडत नव्हते, आणि संस्थानिकांचा आश्रय शाबूत होता. यात धैर्याचा भाग थोडा, परिस्थितीचा फार. शिवाय हंगाम सर्वस्वी अबाधित होता असेही नाही. डिसेंबर १९४०मध्ये गांधींनी मुंबईच्या पंचरंगी सामन्यांविरुद्ध मत दिले. धर्मानुसार संघ पाडण्याला तर त्यांचा विरोध होताच. पण युद्ध चालू असताना, सहकारी तुरुंगात असताना हा उत्सव कशाला, हाही प्रश्न त्यात होता. १९४२मध्ये, 'छोडो भारत'च्या वर्षी, पंचरंगी झालीच नाही. १९४३मध्ये ती पुन्हा भरली. नेते अजून गजाआडच होते!

त्या १९४३च्या अंतिम सामन्याचा धावफलक साहित्याच्या वर्गात वाचायला हवा, असे मी गंभीरपणे म्हणतो. हिंदू संघाच्या ५ बाद ५८१ धावा, त्यांत विजय मर्चंट नाबाद २५०. 'इतर' नावाच्या संघाचा पहिला डाव १३३. दुसऱ्यात ३८७, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. दुसऱ्या टोकाला भाऊ विवेक, धावा २१. सांगलीत जन्मलेला ख्रिस्ती फलंदाज धर्माच्या हिशेबात 'इतर' ठरतो, तीनशेच्या वर धावा काढतो आणि संघ डावाने हरतो. त्याच वर्षी जूनमध्ये शेणोलीला तुफान सेनेने रेल्वे अडवून सरकारी खजिना लुटला होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. प्रतिसरकारची ती मुख्य भूमी.

आमच्याकडे या दोन गोष्टींचे दोन वेगळे वाङ्मयप्रकार झाले आहेत. प्रतिसरकारला पोवाडा, क्रिकेटला स्मरणरंजन. पोवाड्यात खेळाडू नाही, स्मरणरंजनात पोलीस नाही. (अपवाद कोणी दाखवला तर आनंदच होईल.) याला उत्तर म्हणून काही मंडळी खेळाडूंना सरळ इंग्रजधार्जिणे ठरवतात. तेही आळसाचेच. देवधरांनी बॅट ठेवली असती तर वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी झाडलेली एकही गोळी थांबली नसती.

मला हवा आहे तो एवढाच पाठ: १९४३ची वृत्तपत्रे काढावीत आणि धावफलकाचे पान व अटकेच्या बातम्यांचे पान विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवावे. किसन वीरांच्याच नावाचे महाविद्यालय वाईत आहे. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?