सही कोणाची?



आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बाईसोबत मी गर्भपातासाठी दवाखान्यात गेले होते. केसपेपर निघाला, तपासणी झाली आणि फर्मान आलं, ‘नवऱ्याची सही आणा.’ नवरा जुन्नर तालुक्यात, नारायणगावकडे द्राक्षबागेत मजुरीला. बाई रिकामीच परतली.

१९७१ चा कायदा सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती मागतो, नवऱ्याची नाही. मुदत मात्र आठवड्यांत मोजतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं; पुढे २४ पर्यंत दोघांचं लागतं, तेही ठरावीक बायकांसाठीच. सहीसाठीची प्रत्येक खेप ही मुदत खाते.

यापुढे सोबत जाऊ तेव्हा एवढंच म्हणू या, ‘हा नियम लेखी द्या.’ शरीर तिचं, सहीही तिचीच. मग तो अंगठा का असेना.