गाडीला अर्थ नाही

‘अर्थ’ या शब्दाचे कोशात जेवढे अर्थ दिले आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे मी हल्ली वर्गात सांगू लागलो आहे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांतला हा अर्थ नव्हे, की अर्थखात्यातलाही नव्हे. हा वायरमनच्या तोंडचा अर्थ. मूळचा इंग्रजी, पृथ्वीवाचक. पाठ्यपुस्तकाने त्याला ‘भूसंपर्क तार’ असे भारदस्त नाव दिले आहे. पण आमच्या शाहूपुरीत ते कोणी उच्चारल्याचे मी ऐकलेले नाही. ‘सर, ह्या गाडीला अर्थच न्हाई,’ असे मिस्त्री म्हणतात, तेव्हा ते तत्त्वज्ञान सांगत नसतात. ही गाडी एखाद्याचा जीव घेईल, एवढेच ते सांगत असतात.

गाडी म्हणजे साधी मोटार नव्हे. आत बिछाने, पंखा, फ्रिज, पाणी तापवायची सोय, असा सगळा संसार चाकांवर घेऊन फिरणारी कॅराव्हॅन. आम्हां कोल्हापूरकरांना दिवे लावीत हिंडणाऱ्या गाड्यांचे तसे अप्रूप नाही. जनरेटर घेऊन जत्रांमागून जत्रा करणारे तमाशाचे फड आम्ही पाहिले, तंबूतला सिनेमा पाहिला, आणि चित्रीकरणाच्या जागी उभ्या असलेल्या नटनट्यांच्या गाड्याही पाहतो. पण 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि ‘आपणही एकदा जाऊ या’ असे मध्यमवर्गीय घरांतून ऐकू येऊ लागले. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या मेव्हण्याने अशी एक गाडी चालकासह भाड्याने घेतली आणि आम्ही गगनबावड्यावरून मालवणकडे निघालो.

घाटात पहिली गंमत दिसली. डावीकडे वळण्याचा दिवा लावला, की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर डोळे मिचकावी. याचे कारण पुढे मिस्त्रींकडून कळले. मोटारीच्या बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते. दिव्याला जाणारी तार एकच. परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडा. त्या सांध्यावर गंज चढला किंवा खाली रंगाचा थर राहिला, की परतीची वीज अडते आणि शेजारच्या दिव्यातून आडवाट शोधते. याला म्हणतात बॉडी अर्थ. बारा व्होल्टचा मामला; कोरड्या हाताला जाणवतसुद्धा नाही. कानस मारून लोखंड उघडे करावे, बोल्ट आवळावा, वर व्हॅसलीन फासावे, की काम झाले. मात्र या अर्थाचा जमिनीशी काडीचाही संबंध नाही. गाडी चार रबरी टायरांवर, म्हणजे जमिनीपासून पुरती अलग उभी असते.

घोटाळा होतो तो इथेच. मुक्कामी पोचल्यावर हीच गाडी वायर टाकून घरातली 230 व्होल्टची वीज घेते. आता तिला दुसरा अर्थ लागतो, खऱ्या जमिनीचा, आणि तो फक्त प्लगच्या जाड पिनेतून येतो.

गगनबावड्याच्या मुक्कामी प्लग लावला, की तिथल्या बोर्डावरचा गळती पकडणारा खटका खाली पडे. चार वेळा पडला. सौ. म्हणाली, ‘अहो, त्या खटक्याला काहीतरी दिसत असेल.’ चालकाने मात्र गाडीमालकाला फोन लावला, आणि मालकाच्या सल्ल्यावरून आमच्या नकळत प्लगची जाड पिन काढून टाकली. खटका पडायचा थांबला. पंखा रात्रभर फिरला, आणि सगळ्यांनी चालकाच्या हुशारीचे कौतुक केले.

दुसऱ्या दिवशी मालवणजवळ माझ्या मामेबहिणीच्या घरी उतरलो. घर जुने, बोर्ड त्याहून जुना. गळतीच्या खटक्याचे तिथे नाव नव्हते. अंगण नुकतेच सारवलेले, ओले. संध्याकाळी सौ. गाडीतून उतरताना एक पाय अंगणात ठेवते आणि दाराची मूठ धरते, तोच हात झटकून ओरडली. पायांत रबरी चपला होत्या, म्हणून झिणझिण्यांवर भागले. तिच्यामागून बहिणीची आठ वर्षांची नात अनवाणी, त्याच मुठीकडे धावत येत होती. मेव्हण्याने तिला वरच्या वर उचलले आणि मी प्लग उपटला. पुढचे दोन दिवस त्या गाडीला कोणी वायर लावू दिली नाही.

परतल्यावर आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी तासाभरात सगळा उलगडा केला. त्यांनी मीटरची एक टोचणी प्लगच्या न्यूट्रल पिनेवर आणि दुसरी दाराच्या मुठीवर ठेवली. मीटर पीं करून ओरडला. गाडीत इन्व्हर्टर होता. गाडी स्वतःच्या विजेवर चालत असताना न्यूट्रल सांगाड्याला जोडावी लागते. पण बाहेरची वीज घेताच तो सांधा सुटला पाहिजे. या गाडीत तो कायमचा पिळून ठेवलेला होता. म्हणून न्यूट्रलमधली थोडी वीज हिरव्या तारेतून परतू लागे आणि गगनबावड्याचा तो इमानी खटका पडे. सौ.चा अंदाज खरा ठरला. चालकाने फिर्याद ऐकायचे सोडून फिर्यादीचेच तोंड बंद केले.

जाड पिनेचे आणखी एक काम मिस्त्रींनी दाखवले. ती लांब असते, म्हणून आधी आत जाते आणि शेवटी निघते. शिवाय प्लग उलटा बसू देत नाही. ती गेल्यावर उरल्या दोन सारख्या पिना. पहिल्या रात्री प्लग सुलटा बसला होता. मालवणला तो उलटा बसला, आणि न्यूट्रलच्या जागी फेज येऊन अख्खी गाडी 230 व्होल्टची झाली.

‘मग आत बसलेल्यांना काहीच कसं झालं नाही?’ मी विचारले.

‘तारेवरच्या पाखराला कुठं काय हुतंय, सर?’ मिस्त्री म्हणाले. ‘एक पाय तारेवर आन् एक भुईवर ठिवला, की संपलं.’

आत असताना माणूस आणि गाडी एकाच दाबावर असतात. मरण असते ते उंबरठ्यावर. युरोपातल्या कॅराव्हॅनतळांवर प्रत्येक सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा स्वतंत्र खटका असावा असा दंडक आहे, तो याचसाठी. आपल्याकडे असे तळ अजून फारसे नाहीत. गाडी कोणाच्या तरी अंगणातच लागणार, आणि कोकणातल्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला, तर पिन असूनही फारसा उपयोग नाही.

मिस्त्रींनी नवा तीन पिनी प्लग लावला, गाडीत गळतीचा खटका बसवला आणि न्यूट्रलच्या सांध्याला बाहेरची वीज येताच सुटणारा रिले जोडला. मागच्या दिव्याचा बोल्ट जाता जाता आवळला. बिल त्यांनी मालकाच्या नावे केले. मालकाने फोनवर बरीच कुरकुर केली, आणि खटक्यावरचे चाचणीचे बटण दाबले की तो पडतो, मग पिनेचे एवढे काय, असेही विचारले. मिस्त्रींनी त्याला दोनदा समजावले, की ते बटण अर्थ नसतानाही खटका पाडते, पिन डोळ्यांनीच बघावी लागते. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी फोन सौ.च्या हातात दिला.