उपग्रहाचा डोळा आणि आपला बांध



"आता आपला ऊस आभाळातनं मोजणार म्हणे!" असे गट ऑफिसच्या ओट्यावर हल्ली कानावर येते. कोणी हसतो, कोणी धास्तावतो. आमच्या मते आधी हा डोळा काय पाहतो ते समजून घ्यावे, मग बोलावे.

प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकते. ते डोळ्याला दिसत नाहीत; पण पेटत्या चुलीपासून हातभर अंतरावर तळहात धरला की जाणवतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी साध्या थर्मामीटरने ते प्रथम ओळखले. उपग्रहावरचे यंत्र हेच किरण मोजून जमिनीचे, पिकाचे तापमान काढते.

उसाच्या पानातून पाण्याची वाफ निघते, म्हणून पान थंड राहते. पाण्याची पाळी चुकली की ते तापू लागते, तेही पिवळे पडायच्या आधी. घाम आटलेल्या माणसाचे अंग तापावे, तसेच हे.

हवेचीही परीक्षा अशीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला आपला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवरून १८ अवरक्त पट्ट्यांत पाहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काही लहरी जास्त शोषतो, काही कमी. जास्त शोषल्या जाणाऱ्या लहरी वरच्या थरांची खबर देतात, कमी शोषल्या जाणाऱ्या खालच्या थरांची. ती सारी जुळवली की थराथराचे तापमान कळते.

पण मर्यादाही ऐका. ढगाखालचे या यंत्राला दिसत नाही. ऐन पावसाळ्यात डोळा झाकलेलाच. इन्सॅटचा उष्णतेचा एक ठिपका सुमारे ४ कि.मी. लांब-रुंद, त्यात अख्खे शिवार मावते. अमेरिकेच्या लँडसॅट ८ व ९ चा ठिपका १०० मीटरचा, म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर! आपल्यातल्या कित्येकांचा ऊस एकर-दीड एकर. मग बांधापलीकडच्या सोयाबीनची उष्णता आपल्या उसाच्या खाती पडणार. आणि साखर उतारा काही हा उष्णतेचा डोळा सांगत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नकाशा हे शेतकी खात्याचे साधन असावे, निवाडा नव्हे. नुसत्या नकाशावरून कोणाची तोड मागे-पुढे करू नये, की नोंदीचे क्षेत्र कापू नये. चिटबॉयने बांधावर यावे, पाहावे, मगच लिहावे. नकाशा गट ऑफिसच्या भिंतीवर लावावा. ज्याने-त्याने आपला गट नंबर शोधावा, चूक असेल तर सांगावी.

आणि आपणही मन साफ ठेवू या. दीड एकर लावून दोन एकर नोंदवायचे, लावणीची तारीख मागे ओढायची, हे आपल्यातही चालते, हे कोण नाकारील? त्यात शेजाऱ्याची पाळी मारली जाते. कारखाना आपला आहे. नोंद खरी असेल तर आभाळातून कोणी पाहिले काय आणि बांधावरून पाहिले काय, भ्यायचे कारण नाही.