बलुतं नको, हिशेब द्या



गेल्या महिन्यात एक हँडबिल हातात पडलं. जाड, खरखरीत हातकागदावर छापलेलं. शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या पोरापोरींनी एका बंगल्याच्या अंगणात बाजार भरवला होता. अट एकच, पैसा आणायचा नाही. हातानं केलेली वस्तू आणा आणि तिच्या बदल्यात हत्यार घ्या, कच्चा माल घ्या, नाहीतर एखादं काम करून घ्या. मातीचा कप द्या, करवत घ्या. विणलेली पिशवी द्या, सायकल दुरुस्त करून घ्या. इथवर ठीक. पण खाली छापलं होतं, की गावगाड्याची, बारा बलुतेदारांची सुंदर परंपरा आम्ही पुन्हा जिवंत करतोय.

सुंदर!

आमच्या खोलीत कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. एकजण म्हणाला, ‘आपणही असा बाजार भरवू. आपल्या वस्तीत हात आहेत, रोकड नाही.’ दुसरा उसळला, ‘ज्या खड्ड्यातून बाप वर आला त्यातच परत उडी मारायची?’ दोन तास भांडण झालं. दोघंही चळवळीचे. दोघंही प्रामाणिक. म्हणून या अंकात हाच विषय.

पहिल्यांदा त्या सुंदर परंपरेबद्दल. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. बलुत्याची सगळी यंत्रणा त्यात सापडते. बलुतेदारांच्या तीन ओळी : थोरली, मधली, धाकटी. सुतार-लोहारांच्या जोडीनं महार-मांग थोरल्या ओळीत. नाव थोरल्या ओळीत आणि घर गावकुसाबाहेर! मांगानं कासरे, दावी, चऱ्हाटं वळायची. चांभारानं वहाणा शिवायच्या, मोट सांधायची. महारानं काय करायचं याला अंतच नव्हता. सांगावा न्यायचा, सरकारी माणसापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताची खबर गावोगाव पोचवायची. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन हात पसरायचा. वाटा म्हणायला ठरलेला. खळ्यावर मात्र मर्जी. तास मोजलेले नाहीत, वस्तूला भाव नाही आणि तक्रार करायची तर त्याच पाटलाच्या दारात.

याला अदलाबदल म्हणता येईल का? अदलाबदलीत दोघांनाही म्हणता येतं, ‘परवडत नाही, नको.’ आमच्या शहरातली बोहारीण बघा. गुजरातेतून आलेली वाघरी बाई, टोपलीत स्टीलची भांडी घेऊन जिना चढते. घरवाली म्हणते, दोन साड्यांवर पातेलं दे. ती म्हणते, चार साड्या, वर एक पँट. नाही जमलं तर ती टोपली डोक्यावर घेते आणि चालू लागते. तिला दाराबाहेरच बसवतात, पाणी वरून देतात, ते वेगळं भांडण आहे. पण सौदा मोडायचा अधिकार तिच्या हातात आहे. आमच्या आज्यापणज्यांच्या हातात तो नव्हता. मांगानं म्हणून बघायचं होतं की यंदा दोर देत नाही. दुसऱ्या दिवशी पाणवठा बंद, दुकान बंद, रस्ता बंद.

सौदा आणि बलुतं यांच्यात एका शब्दाचा फरक आहे. नाही.

तो शब्द उच्चारला की काय होतं ते आपण बघितलंय. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. मग गुजरातेतल्या दलितांनी मेलेली ढोरं उचलायचं नाकारलं. काही ठिकाणी ढोरं सरकारी कचेरीपुढं नेऊन टाकली. मागणी कसली केली? जमिनीची. शतकानुशतकं फुकटात जमा धरलेल्या कामाची किंमत एका नकारानं चव्हाट्यावर आली.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. व्यापारावर चालणारा समाज पैशावाचून चालत नाही, हे ते सुरुवातीलाच मांडतात. हाच माणूस १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचं बिल घेऊन उभा राहिला. त्यातली एक मागणी नीट वाचा. बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करा आणि ती रक्कम सरकारनं साऱ्याबरोबर वसूल करून महाराला द्यावी. म्हणजे कुणब्याच्या खळ्यावरून महाराला उठवा आणि त्याच्या हातात मोजलेला पैसा द्या. धान्य मर्जीनं मिळतं, मोजलेला पैसा हक्कानं मागता येतो. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

तेव्हा रोकड म्हणजे आपल्यासाठी पाप नाही. गोदीतला, रेल्वेतला, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला पगार हातात आला म्हणून आपल्या कितीतरी बापांनी खळं सोडलं. ‘पैशाविना जगू या’ हे ज्याच्या घरात तीन पिढ्या पैसा आहे त्यालाच सुचतं.

पण म्हणून रुपयालाही हार घालू नका. मुंबईच्या गिरण्यांत पगार रोखच मिळायचा. तरी विणाई खात्याचं दार अस्पृश्याला बंद होतं. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं आणि आपलं तोंड लागलेलं सूत सवर्ण कामगाराला चालायचं नाही. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. रोखीनं जात मरत नाही. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ती रोखही कागद झाली. पाचशेची नोट घेऊन आपल्या आया रांगेत उभ्या होत्या. तेव्हा आमच्या गल्लीतल्या चांभारदादानं किराणावाल्याच्या घरातले सगळे जोडे शिवून दिले आणि आठवड्याचा आटा आणला. त्यानं कुणापुढं हात पसरला नाही. भाव त्यानं सांगितला, वाण्यानं मान्य केला.

म्हणजे पहिला दोस्तही खोटा नाही. वस्तीत कसब आहे, भांडवल नाही. रापी, आरी, फरमे घ्यायचे तर सावकार. कातड्याचे वांधे वेगळेच. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून वहाणेचं कातडं मिळवणं अवघड झालं. एकाकडं मशीन पडून आहे पण ते दुरुस्त करणारा नाही. दुरुस्त करणाऱ्याच्या पोरीला गणिताची शिकवणी हवी. शिकवणाऱ्याला कामावर जायला धड वहाणा नाहीत. यात रुपया आणायचा कुठून? हात मात्र तिन्ही जागी आहेत.

आता खरी गोष्ट. ती लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

कोल्हापुरी चप्पलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं मिलानमध्ये तसल्याच वहाणा दाखवल्या, आधी मुळाचं नावही घेतलं नाही. बोंबाबोंब झाल्यावर कबुली दिली. आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या. कसब घेता आणि हिशेब देत नाही, असं मीच भाषणात ओरडलो.

त्याच वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वस्तीतल्या एका ताईनं चाळीस निळे झेंडे शिवून दिले होते. रात्री जागून. दोराही तिचाच. तिनं पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हणाली, ‘माझ्या मशीनची मोटर बिघडलीय, तुमच्यातल्या त्या पोराला जरा बघायला सांगा.’ आम्ही म्हणालो, बघू. चार महिने बघतच राहिलो. त्या चार महिन्यांत तिनं भाड्याच्या मशीनवर गारमेंटचं काम केलं. अर्धी कमाई भाड्यात गेली. मिरवणुकीत हलगी वाजवणारे मातंग वस्तीतले चौघे, त्यांना आम्ही काय दिलं? वडापाव आणि टाळ्या. या मासिकाचं मुखपृष्ठ काढणाऱ्या पोराला? दहा अंक.

बाजार भरवायचा की नाही, यावर आमचं भांडण चाललं होतं तेव्हा ती ताई दारात उभी होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुमचंपण बलुतंच की, भाऊ.’

खोली गप्प झाली. मीही. पाटील गेला, खळं गेलं. चळवळीच्या नावानं आम्हीच खळ्यावर बसलो होतो. झेंड्यासाठी ‘नाही’ कोण म्हणणार? बाबासाहेबांच्या कामाला ‘नाही’ कोण म्हणणार? हेच तर गावही म्हणायचं : गावकीचं काम आहे, नाही कसं म्हणतोस?

मग ठरलं ते असं.

बाजार भरवायचा, पण आधी वही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आमच्याच खोलीत. कातडं, सूत, रंग, केरसुणीची शिंदी, असल्या कच्च्या मालाचे पैसे रोख द्यायचे. कारण कच्च्या मालात कुणाचं तरी घर अडकलेलं असतं. त्यावरच्या मेहनतीची अदलाबदल. तासाला तास. इथं पुन्हा वाद झाला. कॉम्प्युटरवर काम करणारा आमचा एक मित्र म्हणाला, ‘माझ्या शिक्षणाला कर्ज काढलंय, माझा तास आणि हलगीवाल्याचा तास एक कसा?’ हलगीवाला म्हणाला, ‘मला आज्यानं सहा वर्षं शिकवली. बोटं फुटली. सर्टिफिकेट तेवढं नाही मिळालं.’ मित्र खाली बघायला लागला. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती आपल्या तासांतसुद्धा शिरून बसलीय. वहीत तिला जागा नाही.

वही उघडी राहील, कुणीही वाचावी. वस्तू देणारानं आपला भाव आपण सांगायचा. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, चळवळद्रोही म्हणायचं नाही.

एक इशारा. ही वही म्हणजे क्रांती नव्हे. किमान वेतन, जमीन, आरक्षण, सफाई कामगाराचा वेळेवर पगार, या लढाया रोखीच्याच आहेत आणि रस्त्यावरच लढायच्या आहेत. उद्या एखादा शेठ किंवा संस्थावाला म्हणाला, ‘पैसे नाहीत, पण तुमच्या कलेचं नाव होईल,’ तर त्याला दार दाखवा. बाहेरच्यांशी रोख, आपल्यात हिशेब.

वहीच्या पहिल्या पानावर आमचं देणं लिहिलंय. चाळीस झेंडे, चार महिन्यांचं मशीनभाडं, चार हलग्या, एक मुखपृष्ठ. भाड्याचे पैसे वर्गणी काढून रोख दिले. मोटर मागच्या रविवारी दुरुस्त झाली. पोरानं तीन तास लावले, ते झेंड्यांच्या खात्यातून वजा केले. ताईचे बाकीचे तास अजून आमच्या अंगावर आहेत. ते फिटले की नाही, पुढच्या अंकात वाचा. नाही फिटले तर हे मासिक विकत घेऊ नका.

जय भीम!