बैलाला कोणी वही देत नाही

हिवाळी सत्राची परीक्षा संपत आली की महाविद्यालयांच्या सभागृहात हल्ली एक ठरलेला विधी होतो. 'सत्रान्त मनःस्वास्थ्य' किंवा तशाच नावाचा फलक लागतो, बाहेरगावचा वक्ता येतो. पाच मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मग कोऱ्या कागदावर आपण कोणाकोणाचे ऋणी आहोत ते लिहायचं. पहिल्या ओळीत आई-वडील येतात, दुसरीत गुरुजन, तिसरीत संस्था. चौथ्या ओळीला पोरं शेजारच्याच्या कागदात डोकावतात. सुट्टीत रोज झोपण्यापूर्वी अशी वही लिहिण्याचं वचन घेतलं जातं, फोटो निघतो, चहा होतो आणि अहवालात एक ओळ वाढते.

या उपक्रमाची बाजू आधी नीट मांडतो. समोरच्याचं म्हणणं वाकडं करून खोडणं सोपं असतं, पण त्यात मजा नाही. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट करून दहा आठवडे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने वैतागाच्या. आभार लिहिणारे आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. वहीचा पंथ निघाला तो मुख्यतः इथून. म्हणजे वक्ता थापा मारत नाही. पण पुढे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अशा 27 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर या वहीचा परिणाम किरकोळच निघाला. ज्याचं बरं चाललंय त्याला थोडं अधिक बरं वाटतं. जो आतून खचलाय त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. आणि आपण ती वाटतो नेमकी दुसऱ्याला.

तरी माझा मुख्य आक्षेप वहीच्या गुणावर नाही. ती चुकीच्या माणसाकडून लिहून घेतली जाते, हा आहे.

जळगाव-धुळ्याकडच्या विद्यार्थ्याची दिवाळीची सुट्टी म्हणजे काय, ते या सभागृहात कोणी विचारत नाही. कपाशी याच दिवसांत फुटते. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे येते, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागे दर वाढवून मागतात आणि घरात दोन धडधाकट हात परीक्षेतून नुकते मोकळे झालेले असतात. बाप ओरडत नाही, सक्तीही करत नाही. "सुटी लागनी ना? मंग चाल कापूस येचाले," एवढंच म्हणतो. सकाळचं दव उतरेपर्यंत थांबायचं, कारण ओला कापूस व्यापारी कमी भावात पाडतो. मग कमरेला झोळी बांधून वाकायचं ते ऊन कलेपर्यंत. वाळल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला ओरखडे काढतात. ज्याच्या घरी शेती नाही तो दुसऱ्याच्या शेतात याच कामाला जातो, कारण पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरायचा असतो. रावेर-यावलकडच्या पोराला कापूस नसेल तर केळीची कटाई असते. सुट्टीनंतर वर्गात बसलेल्या मुलांचे हात बघा; कोण कुठे होतं ते हजेरीपटापेक्षा तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं.

कामाला माझा विरोध नाही. घरच्या पोराने घरच्या शेतात राबणं यात लाजण्यासारखं काही नाही, आणि बहुतेक मुलांना ते तसं वाटतही नाही. पण जो मुलगा सुट्टीचे दिवस घरासाठी वाकून काढतो, त्यालाच 'घरच्यांनी तुझ्यासाठी काय केलं ते आठव' असं लिहायला बसवायचं? त्या घरात या महिन्यात कोण कोणाचं देणं लागतं?

आणि ज्यांना घर उघडं मिळतं त्यांची ही गोष्ट झाली. चाळीसगाव, साक्री, शिरपूर आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे जातं, कोणी गुजरातेत. वसतिगृहातल्या अशा मुलाची सुट्टी सुरू होते तेव्हा त्याच्या दाराला कुलूप असतं. इकडे मेस बंद, खोल्या रिकाम्या करा अशी नोटीस. त्याने कुठे जायचं? तो नातेवाइकाच्या पडवीत झोपतो, नाहीतर आई-बापाच्या मागे फडावर जातो आणि मोळ्या वाहतो. त्याच्या बॅगेत कृतज्ञतेची वही टाकणाऱ्याच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. त्याने वसतिगृहाच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते ते एकदा विचारावं, एवढंच.

आता दुसरा पूर्वपक्ष. हा वक्त्याचा नाही, पारावरचा आहे, आणि खान्देशात तो जास्त जोरकस आहे. "आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास केला भो, आम्हाला कुठे ताण आला? ही पोरं नाजूक." त्या पिढीच्या कष्टांना माझा नमस्कार, हिशेब मात्र कच्चा आहे. त्यांच्या वेळी परीक्षा वर्षातून एकदा होती. नापास व्हायचं तर एकदाच. एप्रिलात पेपर संपला की पहिल्या पावसापर्यंत विद्यापीठ नावाची गोष्ट आयुष्यातून नाहीशी होई. आजच्या मुलाला वर्षात दोन सत्रं, प्रत्येकात अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणं. परीक्षा अर्जाची मुदत, उशीर झाला तर विलंब शुल्क, निकाल लागला की छायांकित प्रत, पुनर्मूल्यांकन, राहिलेल्या विषयांची एटीकेटी. एका सत्राचा निकाल हाती येईतो दुसरं निम्मं सरलेलं असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर कुठल्या टेबलापाशी अडलाय ते पाहायला सायबर कॅफेत रांग. कंदिलाखाली डोळे दुखत असतील, पण कंदील मध्यरात्री 'तुमचा अर्ज त्रुटीत आहे' असा संदेश पाठवत नव्हता.

शिवाय हा वाद पारावर मिटवण्याइतका हलकाही राहिलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्याच वर्षी 2,248 मृत्यूंमागे परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदलं गेलं आहे. 'नाजूक' म्हणून हात झटकायला हे आकडे जागा ठेवत नाहीत. पण कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून घेऊन आपण काही केलं असं मानायलाही ठेवत नाहीत. पारावरचा म्हातारा आणि सभागृहातला वक्ता एकमेकांना हसतात. गंमत म्हणजे दोघांचं निदान एकच आहे. दोष पोराच्या मनात आहे. एक म्हणतो मन घट्ट कर, दुसरा म्हणतो मन भरून घे. वेळापत्रक, मेस, निकाल, शिष्यवृत्ती यांच्याकडे दोघंही पाठ करून बसलेत.

मग कृतज्ञता नकोच का? हवी. आणि ती शिकायला खान्देशी माणसाला परदेशी प्रयोगाची गरज नाही, त्याला फक्त आपलाच पोळा नीट बघायचा आहे. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे चोळायचे, दुसऱ्या दिवशी त्याला आंघोळ, झूल, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास. आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. वर्षभर राबला त्याचे आभार असे मानायचे असतात, त्याला विसावा देऊन. वर्षभर चारा घातला म्हणून मालकाबद्दल दोन शब्द बोल, असं बैलाला कोणी म्हणत नाही. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात तेव्हाही आभाराची दिशा तीच असते: ज्याला मिळालं तो देतो, ज्याने सोसलं त्याच्यापुढे पान वाढलं जातं. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, लेकीच्या हातातलं काम काढून घेतात. अशा मुलखात आभाराचा कागद सत्रभर जुंपलेल्यांकडून भरून घेतला जातो, याचं मला नवल वाटतं. (अखाजी उन्हाळी परीक्षांच्या ऐन हंगामात येते, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या कानावर घालून ठेवतो.)

इथे कोणीतरी 'श्यामची आई' पुढे करणार, मला ठाऊक आहे. आईच्या ऋणाचं इतकं मोठं पुस्तक साने गुरुजींनी लिहिलं, मग मुलांनी तीन ओळी लिहिल्या तर काय बिघडलं? बिघडलं ते असं. ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. त्याआधी, 1924 ते 1930, गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. तिथे त्यांनी मुलांकडून ऋणाचे निबंध लिहून घेतल्याचं कोणी सांगत नाही. सांगतात ते हे, की मुलं शाळेत असताना हा माणूस त्यांच्या खोल्या आवरून ठेवी आणि मुलांसाठी स्वतः हाताने 'छात्रालय' दैनिक लिहून काढी. रोज! लिहिण्याचं काम तिथे वसतिगृहप्रमुखाकडे होतं. श्यामचा दाखला द्यायचा असेल तर तो पूर्ण द्या, अमळनेरच्या केरसुणीसकट. आज आपल्याला श्यामसारखी पोरं हवी असतात. गुरुजींसारखा अधीक्षक हवा असं म्हणणारा मात्र मला अजून भेटलेला नाही.

आणखी जवळचा दाखला इथल्या विद्यापीठाच्याच नावात आहे. पुणे विद्यापीठातून निघून 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगाव, धुळे आणि (तेव्हा धुळ्यातच असलेल्या) नंदुरबारसाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. 2018 पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात बोलत गेल्या. लिहून घेतलं घरातल्या शिकलेल्या मुलांनी. ते कान नसते तर त्यांच्या गाण्यांचा 1952 सालचा संग्रह निघाला नसता. वही ऐकणाऱ्याच्या हातात असली की असं घडतं.

महाविद्यालयात अशा ऐकणाऱ्याची नेमणूक आता कोणाच्या मर्जीवरही राहिलेली नाही. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. परीक्षांच्या काळात मुलांच्या छोट्या गटांमागे मार्गदर्शक नेमायचे. टेली-मानसचा 14416 आणि इतर मदतक्रमांक वर्गांत, वसतिगृहांत ठळक अक्षरांत लावायचे. या तत्त्वांची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर असेल असं मी धरून चालतो. प्रश्न एवढाच की समुपदेशक म्हणून ज्या मॅडमचं नाव फलकावर आहे, त्यांच्याकडे शिकवायचे तास किती, परीक्षा विभागाचं काम किती, आणि पोराने दार वाजवलं तर त्या खोलीत दुसरा कोणी कागदपत्रं जुळवत बसलेला असतो का.

'यासाठी पैसा कुठून आणायचा' हा शेवटचा आक्षेप येईल, तो रास्तही आहे. ग्रामीण महाविद्यालयं विनाअनुदानित तुकड्यांवर कशीबशी उभी आहेत, अर्धी माणसं तासिका तत्त्वावर राबतात. त्या प्राध्यापकांनाच पोळ्याची गरज आहे, हे मी वेगळं लिहीन. पण मी जे मागतोय त्यातलं बरंचसं पैशाचं नाही. सुट्टीत गृहपाठ आणि अंतर्गत गुणांच्या फायली न देणं फुकट आहे. निकालाची तारीख आधी सांगून ती पाळणं फुकट नसलं तरी नवीन निधी मागत नाही. सुट्टीत मेस पूर्ण चालवा असं कोणी म्हणत नाही. कुलूपबंद घरांच्या मुलांसाठी एक चूल आणि दोन खोल्या उघड्या राहिल्या तरी पुष्कळ. ही मुलं कोणती हे वसतिगृहाच्या अधीक्षकाला आजही तोंडपाठ असतं.

आणि मुलं आभार मानतच नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी जळगावच्या आसपास एखाद्या शेतात जाऊन बघावं. वर्गणी काढून बामणोदची वांगी आणलेली असतात, कपाशीच्या काड्यांचा जाळ केलेला असतो. एकजण वांगी उलटतो, दुसरा हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचतो, कोणाच्या तरी आईने कळण्याच्या भाकरी बांधून दिलेल्या असतात. मेसच्या मावशींना बोलावणं गेलेलं असतं, आणि वर्षभर सगळ्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स उधारीवर काढून देणाऱ्या दुकानदारालाही. भाषण होत नाही. मावशींना पहिली वाढणी मिळते, आणि त्या दिवशी त्यांना कोणी उठून भांड्याला हात लावू देत नाही.

पुढच्या वर्षाची शैक्षणिक दिनदर्शिका ठरवायला समित्या बसतील तेव्हा त्यांच्यापुढे नेहमीसारखा तक्ता येईल: सत्रारंभ, अंतर्गत चाचणी, प्रात्यक्षिकं, लेखी परीक्षा, सुट्टी. त्यातल्या शेवटच्या रकान्याशेजारी एवढं लिहून घ्यावं की या काळात वसतिगृह कोणासाठी उघडं राहील, समुपदेशकाचा फोन कोण उचलेल आणि निकाल कोणत्या तारखेला लागेल. खाली सही कुलसचिवांची असावी, विद्यार्थ्याची नको.